त्यांना चिडू देऊ नका

नागपूरहून आलेलं पत्र शामरावांनी एकदा वाचलं, त्याची घडी घातली आणि ते उशीखाली सारलं. दारात उभ्या असलेल्या रत्नमालाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांचा उजवा हात सावकाश छातीच्या डाव्या बाजूला गेला, डोळे मिटले, आणि मायलेकी जिथे होत्या तिथेच थांबल्या.

"बाबा, पत्र माह्या नावानं हाय," रत्नमाला हळूच म्हणाली. "एक तारीख को रिपोर्ट कराचं हाय. फॉर्मवर सही पायजे."

शामरावांनी डोळे न उघडता मान हलवली. लोकांच्या अंगाखाली भांडी सरकवायला आपण पोरगी वाढवली नाही, असं काहीसं ते पुटपुटले आणि मग नुसता एक लांब श्वास सोडला. अंजनाबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि लेकीला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथे दोघी कुजबुजत बोलल्या. दहा महिन्यांत सेक्टर एकमधल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये कुजबुजीपेक्षा मोठ्यानं कोणी बोललं नव्हतं. शामराव तेवढे बोलत.

नर्सिंगच्या शाळेत रत्नमालाची निवड झाली होती. हिंदी शाळेतून ती चांगल्या मार्कांनी पास झाली, अर्ज तिनेच लिहिला, मुलाखतीलाही मैत्रिणीच्या काकांबरोबर जाऊन आली. वडिलांना हे सांगायचं कसं, यावर मायलेकींनी महिनाभर विचार केला होता. आता पत्रच पोस्टमनने थेट त्यांच्या हाती दिलं होतं.

"तू बोल न," रत्नमाला म्हणाली.

"कशी बोलू? काही झालं त्याईले तं?"

रत्नमालाने आईकडे एकदा पाहिलं आणि ती बादली घेऊन नळावर निघून गेली. ती नजर अंजनाबाईंना दिवसभर टोचत राहिली.

शामराव देवतळे मूळचे वर्धेकडचे. कारखान्याच्या पायाचे खड्डे खणले जात होते तेव्हा ते भिलाईला आले आणि टाइम ऑफिसात टाइमकीपर म्हणून लागले. कुठल्या कामावर किती माणसं आली, कोण वर चढलं, कोण उतरलं, याची हजेरी घेत ते दिवसभर फिरत. पहिल्या भट्टीतून लोखंड वाहिलं त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांचा सदरा ठिकठिकाणी ठिणग्यांनी जळलेला होता आणि ते दारातूनच ओरडत आले होते. आवाज मोठा, चाल भरभर, राग नाकावर. अंजनाबाईही काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. दोघांची भांडणं शेजारच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जात आणि संध्याकाळच्या चहापर्यंत मिटत. त्या भांडणांचं अंजनाबाईंना कधी दुःख वाटलं नव्हतं.

मग बासष्टच्या फेब्रुवारीत, सकाळच्या पाळीचा भोंगा वाजत असताना, शामराव ऑफिसच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि डावा हात जड झाला होता. लोकांनी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. वय सत्तेचाळीस.

सहा आठवडे त्यांना पाठीवर निजवून ठेवलं होतं. पहिले दहा दिवस तर स्वतःच्या हाताने नाकावरची माशी उडवायचीही मनाई होती. केरळकडची एक लहानखुरी सिस्टर त्यांना चमच्याने भरवायची, कुशीवर वळवायची, दाढी करायची, भांडं द्यायची आणि घ्यायची. पोटात रक्त पातळ ठेवणारं औषध जायचं, दर दोन दिवसांनी बोटातून रक्त काढायचे, आणि छातीला तारा लावून कागदाच्या लांब पट्टीवर रेषा उमटवायचे. घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी अंजनाबाईंना बाजूला बोलावलं. थोडे दिवस घरात शांतता ठेवा, मीठ-तूप कमी द्या, आणि त्यांना चिडू देऊ नका, असं त्यांनी सांगितलं.

त्यातले 'थोडे दिवस' हे शब्द कधी गळून पडले ते कोणालाच कळलं नाही. 'त्यांना चिडू देऊ नका' एवढंच राहिलं.

दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली गेली. रेडिओ कापडाखाली गेला. फोडणीच्या वासाने शामरावांना अस्वस्थ वाटतं म्हणून तिघांचंही जेवण अळणी झालं. रत्नमाला हसायला अंगणात जाऊ लागली. वाकायचं नाही म्हणून अंजनाबाई त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत आणि सोडत. वजन उचलायचं नाही म्हणून त्यांच्या आंघोळीचं पाणीही त्याच न्हाणीत ठेवत. ऑफिसात त्यांना बसून करायचं काम मिळालं होतं, आवक-जावकाचं. तिथे ते रिक्षाने जात आणि रिक्षाने येत. चिडायचे ते चिडतच. भाजी पाणचट झाली म्हणून, पेपर उशिरा आला म्हणून, रत्नमालाची वेणी सैल आहे म्हणून. फरक एवढाच झाला होता की आता उलट कोणी बोलत नव्हतं. अंजनाबाईंच्या ओठांवर आलेलं त्या गिळून टाकत.

दसऱ्यानंतर पुलगावहून अंजनाबाईंच्या धाकट्या भावाची, पुंडलिकची, तार आली. आई सिरियस, लगेच या. अंजनाबाईंनी दोन लुगडी पिशवीत भरली. शामराव खाटेवर बसून ते बघत होते. पिशवीचं तोंड बांधून होईपर्यंत त्यांचा हात छातीवर गेला. तू जा, म्हणाले, माझं काय व्हायचं ते होईल. त्यांचा चेहरा पांढरा दिसला, की अंजनाबाईंना तसा वाटला. त्यांनी पिशवी सोडली. उद्या बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. चौथ्या दिवशी पुंडलिकचं पोस्टकार्ड आलं, मरणाचा निरोप असला की फाडतात तसा त्याचा एक कोपरा फाडलेला होता. अंजनाबाईंनी न वाचताच ते छातीशी धरलं आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

शामरावांच्या गोळ्या दर महिन्याला ऑफिसातला चपराशी नत्थू आणून द्यायचा. नागपूरचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी गोळ्या संपत आल्या आणि नत्थू लग्नासाठी गावी गेलेला होता. म्हणून अंजनाबाई स्वतः निघाल्या. मनात दुसरंही होतं. डॉक्टरांना एकदा विचारायचं, की नवऱ्याशी एका विषयावर थोडं जोरात बोललं तर चालेल का.

मोठे डॉक्टर बंगाली होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सारून बोलणारे. देवतळ्यांचं नाव ऐकताच त्यांनी कागद काढायला सांगितले आणि अंजनाबाईंना बसवून घेतलं. ते हिंदीत बोलत होते. देवतळेबाबू नोव्हेंबरपासून आलेच नाहीत, नुसता माणूस पाठवतात, असं का, त्यांनी विचारलं. मग म्हणाले, पण चालणं चालू आहे ना? मागच्या वेळी रोज दोन मैल चालतो म्हणून सांगत होते.

अंजनाबाईंना आधी वाटलं की हे दुसऱ्याच कोणाचे कागद आहेत.

"ते तं दारातून रिक्षात बसतात," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग एकेक कागद उलटत ते सांगत गेले आणि अंजनाबाई ऐकत गेल्या. हृदयाचा जो तुकडा निकामी झाला होता तिथे व्रण धरून तो केव्हाच घट्ट झाला होता. ऑगस्टमध्ये पुन्हा पट्टी काढली, ती चांगली आली. त्याच दिवशी त्यांनी शामरावांना चालायला सांगितलं होतं, आणि कसं चालायचं तेही लिहून दिलं होतं. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ रस्त्यावरच्या विजेच्या दोन खांबांपर्यंत. मग दर आठवड्याला दोन खांब जास्त. छातीत दाटलं तर थांबायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, घाबरायचं नाही. घरातली हलकी कामं करायची. बसून करायचं काम शामरावांनीच मागून घेतलं होतं; डॉक्टरांनी त्यांना जुन्या कामावर हळूहळू जायला हरकत नाही असं लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले होते, पत्नीला घेऊन या, त्यांनाही समजावतो. त्यावर शामरावांनी सांगितलं होतं, की बायको घाबरट आहे, तिला यातलं काही सांगू नका.

ऑगस्ट. अंजनाबाईंनी बोटांवर महिने मोजले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

"डॉक्टरसाहेब," त्या जमेल तसं हिंदी जुळवत म्हणाल्या, "मैं उनको कुछ बोली, तो वो मर जायेंगे क्या?"

कोणाचीच हमी देता येत नाही, डॉक्टर म्हणाले. पण भांडणाने माझ्यासारख्या धडधाकट माणसाला जेवढा त्रास होईल तेवढाच त्यांना होईल. खाटेवर पडून राहण्याने मात्र त्यांचं नुकसान रोज होतं आहे. मग त्यांनी तो खांबांचा हिशेब पुन्हा एका कागदावर हिंदीत लिहिला आणि या वेळी तो अंजनाबाईंच्या हातात दिला.

त्या पायी परत आल्या. कारखान्याकडून तांबडी धूळ येत होती, ट्रक जात होते, वाटेत कौशल्या दूधवालीने हाक मारली तीही त्यांना ऐकू आली नाही. घरी येऊन त्यांनी कडीची चिंधी सोडायला घेतली. गाठ सुटेना. विळीवर कापून टाकली.

शामराव साडेपाचला आले. खुर्चीत बसले आणि सवयीने त्यांनी उजवा पाय पुढे केला. अंजनाबाई समोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. रत्नमाला चुलीपाशी होती, तिने मागे वळून पाहिलं.

"बूट," शामराव म्हणाले.

"मी दवाखान्यात गेलती आज," अंजनाबाई म्हणाल्या. "डॉक्टर विचारत होते, दोन मैल चालून थकवा तं नाई येत म्हणून."

पुढे केलेला पाय तसाच राहिला. मग हात वर गेला, छातीवर आला. अंजनाबाई उठल्या, गोळ्यांची नवी बाटली आणली, तिचं बूच काढलं आणि ती त्यांच्यासमोर तिपाईवर ठेवली.

"दुखत असन तं हे गोळी ठेवा जिभेखाली. मी बोलणं थांबवत नाई."

"अंजना, मले त्रास होऊन राहिला."

"होऊ द्या. दहा महिने झाले, मी या घरात जोरानं शिंकली नाई. पोरगी हसाले आंगणात जाते. अन् तुमी ऑगस्टपासून बरे हा. मले घाबरट म्हणून सांगतलं तुमी त्याईले. तुमच्या बोटातून रक्त काढत तवा डोळे कोण मिटे, मी का तुमी?"

त्यांचा आवाज चढला होता. बऱ्याच दिवसांनी चढल्यामुळे तो फाटका निघत होता आणि त्यांनाच परका वाटत होता. बोलताना त्यांचे डोळे शामरावांच्या ओठांवर होते, ते निळे पडतात का हे बघत. तरी त्या थांबल्या नाहीत.

"अन् हे पोरगी. सहा हप्ते तुमचं हागणं-मुतणं कोणं काढलं? त्या केरळच्या पोरीनं काढलं. तिचाही बाप असन कुठी. तवा तुमाले लाज नाई वाटली. तुमची पोरगी तेच शिकते म्हणते तं तुमची इज्जत जाते?"

शामरावांनी गोळी घेतली नाही. छातीवरचा हात हळूहळू मांडीवर आला.

"तुले बळीराम आठवते?" ते म्हणाले.

बळीराम शेजारच्या खाटेवरचा. उंचावर लोखंडी तुळया बसवणाऱ्या टोळीतला, गोंदियाकडचा, धिप्पाड माणूस. तो दवाखान्यात वारला हे अंजनाबाईंना माहीत होतं. कसा, ते माहीत नव्हतं.

"सोळावा दिवस होता त्याचा," शामराव म्हणाले. "सिस्टरले कायले बोलवाचं म्हणे, लघवीलेच तं जाचं हाय. हासत होता. उतरला. दोन पावलं टाकली त्यानं. पडला तं त्याचा हात माह्या खाटीले लागला." ते थांबले. "मी पाय खाली ठेवला का मले तो दिसते. रोज. खांबाचं सांगतलं डॉक्टरनं, मी गेलो एक डाव. पहिल्या खांबापाशी उभा राहिलो अन् वापस आलो."

चुलीवरचं दूध उतू जाण्याच्या बेतात आलं, रत्नमालाने ते उतरवलं. अंजनाबाईंना त्या क्षणी नवऱ्याची दया आली नाही असं नाही. पण दया आली म्हणून राग गेला नाही. उलट तो आणखी वाढला.

"मंग हे मले कावून नाई सांगतलं?"

"काय सांगू? भेव लागते म्हणू?"

"हाव. तेच म्हणाचं होतं."

अंजनाबाईंनी मग तो प्रश्न विचारला, जो दवाखान्यापासून घरापर्यंत त्यांच्याबरोबर चालत आला होता.

"माह्या मायची तार आली त्या दिवशी खरंच दुखत होतं का?"

शामरावांनी मान खाली घातली. एका नाडीचं टोक सैल होऊन जमिनीवर पडलं होतं, त्याच्याकडे पाहत ते म्हणाले, "आता नाई आठवत."

त्यांनी हो म्हटलं असतं तर अंजनाबाईंनी विश्वास ठेवला असता. नाही म्हटलं असतं तर त्या कदाचित किंचाळल्या असत्या आणि मग कधीतरी शांत झाल्या असत्या. हे तिसरंच उत्तर घेऊन काय करायचं ते त्यांना कळेना. त्या उठल्या, खाटेच्या उशीखालून पत्र काढलं आणि रत्नमालाला फॉर्म आणायला सांगितलं. फॉर्मवर 'पालकाची सही' असं होतं. कोणत्या पालकाची ते लिहिलेलं नव्हतं. अंजनाबाई मराठी चौथी शिकलेल्या. त्यांनी पाटावर कागद ठेवून सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं नाव लिहिलं. शामराव बघत होते. नंतर त्यांनी खाली वाकून आपल्या नाड्या आपणच सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अंजनाबाईंनी त्यांना बाहेर काढलं. थंडी होती, शामरावांनी कानाला मफलर गुंडाळला होता. पहिल्या खांबापाशी ते थांबले आणि खांबाला हात टेकून उभे राहिले. कपाळावर घाम होता. अंजनाबाईंनी आपला हात दिला नाही. गोळीची बाटली त्यांच्या मुठीत होती, एवढंच.

"चला," त्या म्हणाल्या. "दुसरा दिसून राहिला."

दुसऱ्या खांबापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. तिथून घराकडे बघताना शामराव लहान मुलासारखे म्हणाले, "आलो."

रोज सकाळी, रोज संध्याकाळी. त्या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात चार. मध्ये एकदा खरंच छातीत दाटलं. ते रस्त्याच्या कडेला बसले, गोळी जिभेखाली ठेवली, अंजनाबाई बाजूला उभ्या राहिल्या. माझ्या हाताने गेले तर, हा विचार त्यांनी केला, आणि तरीही त्या त्यांना घरी चला म्हणाल्या नाहीत. सातआठ मिनिटांनी शामराव उठले आणि उरलेला खांब चालले. त्या दिवशी परत आल्यावर अंजनाबाईंना उलटी झाली. भाजीत मात्र त्यांनी मोहरीची फोडणी घातली.

घरात बोलणं कमीच होतं. रत्नमालाशी शामराव तीन दिवस बोलले नाहीत, चौथ्या दिवशी तिच्या ट्रंकेची कडी ढिली आहे असं म्हणून त्यांनी ती ठोकून दिली.

एकतीस तारखेला सकाळच्या पॅसेंजरने जायचं होतं. स्टेशन दीड मैल. ट्रंक आणि वळकट्या रिक्षात ठेवल्या, कौशल्याला रिक्षाबरोबर पुढे पाठवलं, आणि तिघं मागून चालत निघाली. शामराव आतापर्यंत सहा खांबच चालत होते. सहावा आला, ते थांबले नाहीत. आठव्यापाशी मात्र त्यांचा श्वास फुलला. त्यांनी हात वर केला.

"बस. याच्या पुढं नाई होत."

रत्नमाला वाकून पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ तसाच राहिला. मग अंजनाबाई म्हणाल्या, "मी पुलगावले जाऊन राहिली. रत्नीले नागपूरले उतरवून तशीच पुढं जाईन. दहा दिवसानं येते."

रिक्षात दोन वळकट्या होत्या हे शामरावांच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

"अन् माह्या जेवणाचं?"

"डाळ-तांदूळ डब्यात हाय. मीठ कमी टाकजा."

त्या चालू लागल्या. वळणावर रत्नमालाने मागे वळून पाहिलं. "अभी भी खडे हैं," ती म्हणाली. अंजनाबाईंनी वळून पाहिलं नाही.

पुलगावला पुंडलिकने बहिणीला पाणी विचारलं आणि मग संध्याकाळपर्यंत तो शेताच्या बहाण्याने बाहेरच राहिला. भावजयीने सांगितलं की म्हातारीची शुद्ध शेवटपर्यंत होती. गाडीच्या वेळेला ती रोज विचारायची, की अंजी आली का. दोन दिवस विचारलं, मग विचारायचं सोडलं. अंजनाबाई आईच्या खोलीत गेल्या. तिथे आता कापसाची पोती रचलेली होती, बसायलाही जागा नव्हती. त्या दारातच बसल्या.

रात्रीच्या जेवणाच्या आधी पुंडलिक समोर आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "दाजीची तब्येत अशी होती तं एक कार्ड तं टाकाचं."

खोटं बोलणं सोपं होतं. तब्येत फार वाईट होती म्हटलं असतं तर भावाने माफ केलं असतं.

"तब्येत बरी होती त्याईची," अंजनाबाई म्हणाल्या. "त्याईनं मले अडवलं, अन् मी अडली. दोन्ही झालं."

पुंडलिक खाली बसला. आईनंतर पहिल्यांदाच ती दोघं एकत्र रडली, आणि या वेळी अंजनाबाईंनी तोंडात पदर धरला नाही.

दहाव्या दिवशी त्या परतल्या. घरात करपल्याचा वास होता, डाळीचं भांडं काळं झालेलं. शामराव वाळले होते आणि त्यांची दाढी वाढली होती. कौशल्याने दूध घालताना सांगितलं, की बाबू रोज सकाळी जातात, परवा तर बाजारापर्यंत जाऊन आले, हातात वांगी होती. मार्चमध्ये शामराव रिक्षा सोडून ऑफिसला पायी जाऊ लागले. पावसाळ्यानंतर त्यांनी टाइमकीपरचं जुनं काम मागून घेतलं. शिड्या चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती, तेव्हा ते खालून वर मान करून ओरडून माणसं मोजत. राग तसाच होता. पण तो आला की अंजनाबाईंचं उत्तरही येई, शेजारच्या क्वार्टरपर्यंत.

चौसष्ट सालच्या सुट्टीत रत्नमाला आली तेव्हा तिने वडिलांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजली. शामरावांनी निमूटपणे मोजू दिली. किती आली ते मात्र त्यांनी अंजनाबाईंकडे बघून विचारलं, आणि अंजनाबाई तांदूळ निवडत राहिल्या. तार आली त्या दिवसाचं आठवत नाही, हे उत्तर शामरावांनी बदललं नव्हतं आणि अंजनाबाईंनी तो प्रश्न पुन्हा विचारलाही नव्हता.

सकाळचं चालणं मात्र दोघांनी कधी मोडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं सेक्टरातले लोक त्यांना बघत आले. सकाळी साडेसहाला दोघं निघत. शामराव रस्त्याच्या डाव्या कडेने चालत आणि अंजनाबाई उजव्या कडेने, मध्ये अख्खा रस्ता सोडून. नव्या आलेल्या बायकांना त्याचं हसू येई. मध्येच कुठेतरी शामराव दम घ्यायला थांबत. मग पलीकडच्या कडेला अंजनाबाईही थांबत, कारखान्याच्या धुराकडे तोंड करून. पावलं पुन्हा वाजू लागेपर्यंत त्या तशाच उभ्या राहत, आणि मग चालू लागत.